मी गेले, असं म्हटल्यावर

आग्रही : मराठीत ‘मी’ला लिंग नाही, पण त्याच्यामागून क्रियापद आलं की बहुतेक वेळा लिंग सांगून टाकावं लागतं. मी जातो, मी जाते. मी दमलो, मी दमले. बंगाली माणसाला ही अडचण नाही. त्याच्या क्रियापदाला लिंग नसतं आणि तो-ती यांच्यासाठी सर्वनामही एकच असतं. आपल्याकडे मात्र माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत आपण बाई की पुरुष हे तोंडानं सांगत असतो, आणि सांगतोय हे त्याच्या गावीही नसतं. ज्याला ते सांगणं जड जातं त्यालाच ते जाणवतं. मुलगा म्हणून वाढवलेली एखादी व्यक्ती एक दिवस ‘मी आले’ म्हणते. साडी घ्यायला पैसे लागतात, घर सोडायला धीर लागतो, शस्त्रक्रियेला दोन्ही लागतं. क्रियापद बदलायला काहीच लागत नाही. म्हणून पुष्कळांच्या बाबतीत ते सगळ्यात आधी बदलतं, विश्वासातल्या एकदोघांसमोर, दबक्या आवाजात. ओळख मनात आधीच पुरी तयार असते आणि भाषा फक्त ती बाहेर आणते, असं आपण समजतो. मला ते पटत नाही. ‘आले’ म्हणून पाहिल्यावरच अनेकांना आपण कोण आहोत याची खात्री पटते. बोलता बोलताच ओळख घडते.

साशंक : व्याकरणातलं लिंग आणि माणसाचं लिंग यांची तुम्ही गल्लत करत आहात. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. चार लेकरांची आई चुलीपुढे बसून ‘मी दमलो बाई’ म्हणते आणि तिच्या बाईपणाला काडीचा धक्का लागत नाही. गोव्यात कोकणीत तरुण मुलीबद्दल नपुंसकलिंगात बोलतात, ‘तें आयलें’. म्हणून तिला कुणी नपुंसक समजत नाही. प्रत्ययात तुम्ही म्हणता तेवढी ताकद असती, तर पंचगंगेच्या काठावर बाई उरलीच नसती. आणि गंमत बघा, तोच मुलूख यल्लम्माच्या जोगत्यांचा. सौंदत्तीचा डोंगर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात, पण तिथं जाणारे पुष्कळ भक्त कोल्हापूर, सांगली, सोलापूर इथले. मुलगा म्हणून जन्मलेला आणि देवीला सोडलेला जोगता लुगडं नेसतो, कपाळभर भंडारा लावतो, डोक्यावर देवीच्या मूर्तीचा जग घेतो, रांडाव पुनवेला बांगड्या फोडतो आणि दारात येऊन ‘मी आलो’ म्हणतो. हे ‘आलो’ त्याच्यातल्या पुरुषाचं, की शेजारच्या आक्काचं? तुमच्या सिद्धांताजवळ याचं उत्तर नाही.

आग्रही : उत्तर आहे, पण ते मिळवायला पहिला सिद्धांत थोडा मोडावा लागेल. प्रत्ययाच्या अंगात स्वतःची ताकद नसते, हे मान्य. चारचौघं ज्या प्रत्ययाची वाट बघत असतात त्याच्याऐवजी दुसरा आला, की त्यात ताकद येते. कोल्हापूरच्या बाईकडून ‘आलो’ अपेक्षितच असतं, म्हणून ते कुणाच्या कानाला लागत नाही. पुण्यातल्या पेठेत वाढलेली मुलगी ‘मी आलो’ म्हणाली की माना वळतात. आणि जिथं ‘आलो’ दोघांचं असतं तिथं भाषा लिंग दुसरीकडे ठेवते, रे आणि गं मध्ये. ‘काय रं, कुठं निघालास?’ आणि ‘काय गं, कुठं निघालीस?’ जोगत्याला गल्लीतल्या बायका ‘अगं’ म्हणतात का, ‘आक्का’ म्हणतात का, आपल्या घोळक्यात बसवून घेतात का, यावर तो स्वतः काय म्हणतो यापेक्षा जास्त ठरतं. म्हणजे प्रथमपुरुषातलं क्रियापद ही निम्मीच गोष्ट झाली. उरलेली निम्मी ऐकणाऱ्याच्या तोंडात असते.

साशंक : इथं तुमची पंचाईत होते. आधी तुमचं म्हणणं होतं की बोलणारा बोलून स्वतःला घडवतो. आता म्हणता की ऐकणारा त्याला घडवतो. मग बोलणाऱ्याच्या हातात राहिलं काय? आणि बोलणारे तरी एकाच बाजूला कुठे उभे असतात? किरा हॉल आणि व्हेरोनिका ओ’डोनोव्हन या दोन अभ्यासकांनी बनारसच्या हिंदी बोलणाऱ्या हिजड्यांचं बोलणं ऐकून १९९६ मध्ये जे मांडलं ते बघा. तीच व्यक्ती आपल्या माणसांत, मायेनं बोलताना स्त्रीलिंगी क्रियापद वापरते आणि रागात, अंतर राखताना, वडीलकीला मान देताना किंवा घर सोडण्याआधीचं आयुष्य सांगताना पुल्लिंगी. घराण्यातली नाती बघा. एकमेकींशी बाईसारखं बोलतात, पण एकाच गुरूच्या दोघी एकमेकींच्या ‘गुरुभाई’ असतात आणि शिष्या ‘चेला’ असते. यात स्थिर ओळख कुठे दिसते? मला दिसतं ते कौशल्य. समोर कोण आहे आणि आपल्याला काय हवंय ते बघून बोलणं. ते तर गावचा तलाठीही करतो.

आग्रही : तलाठी करतो तेव्हा त्याला कुणी खोटा म्हणत नाही, फरक इथं आहे. आई मुलाशी एका सुरात बोलते आणि सासऱ्यांशी दुसऱ्या, म्हणून तिचं आईपण संशयाच्या भोवऱ्यात येत नाही. हिजड्याच्या तोंडून रागाच्या भरात एक पुल्लिंगी क्रियापद निसटलं की लगेच ऐकू येतं, ‘बघा, शेवटी पुरुषच.’ दोन्ही रूपं वापरण्याची मुभा इतरांना न मागता मिळते, यांना तिची किंमत मोजावी लागते. त्या दोघींच्या अभ्यासातून मला उलटच शिकायला मिळालं. त्या माणसांना व्याकरण आपल्यापेक्षा जास्त कळतं. कारण आपल्याला ते फुकट मिळालं आणि त्यांना प्रत्येक प्रत्यय निवडून घ्यावा लागला.

साशंक : ‘किंमत’ हा शब्द तुम्ही काढलात, बरं झालं. माझी खरी शंका तिथंच आहे. नारायणराव राजहंस रंगभूमीवर भामिनी झाले, रुक्मिणी झाले, सिंधू झाले. वर्षानुवर्षं रोज रात्री हजार माणसांसमोर ते स्त्रीलिंगी क्रियापदांत बोलले आणि गायले. घरंदाज बायकांनी त्यांचं नेसणं उचललं. महाराष्ट्रानं त्यांना बालगंधर्व म्हटलं आणि १९६४ मध्ये सरकारनं पद्मभूषण दिलं. आता तमाशातला नाच्या घ्या. तोही तेच ‘बाई गं’, तोच लटका, तसंच बोलणं. गणपत पाटलांनी पडद्यावर नाच्या इतका जिवंत केला की संसारी माणूस असूनही लोकांनी त्यांच्याकडे उभ्या आयुष्यात त्याच नजरेनं पाहिलं, आणि घरच्यांनाही ते सोसावं लागलं. क्रियापदं तीच, मग एकाला दैवत आणि दुसऱ्याला कुचेष्टा का? कारण एक संगीत नाटकाच्या मखमली पडद्यामागून आला आणि दुसरा फडातून. जात, पैसा, प्रेक्षक कोण आणि तिकीट कितीचं, यांनी तो निकाल लावला. भाषा त्या निकालाची कारकून होती, फार तर. तुम्ही कारकुनाशी भांडत बसता आणि न्यायाधीश सुटतो.

आग्रही : बालगंधर्व आणि नाच्या यांच्याबद्दल माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. ते खरंच आहे, आणि आपल्या रसिकतेनं त्याचा विचार करायला हवा होता तेवढा केलेला नाही. पण न्यायाधीश निकाल देतो तो कोणत्या शब्दांत? सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी घ्या. आत बसलेला माणूस आधार कार्डावरचं नाव मोठ्यानं वाचतो, समजा, ‘संतोष’. बाकावरून साडीतली एक व्यक्ती उठते. खिडकीतला माणूस वर बघतो, कार्डाकडे बघतो, पुन्हा वर बघतो. ‘तू संतोष? कधीपासून आजारी आहेस?’ इथवर ठीक. मग विचारतो, ‘इथं आधी कधी आला होतास?’ रांगेत कुणीतरी फिस्सकन हसतं. आता हाच प्रश्न ‘तुम्ही आधी कधी आला होतात?’ असा करून बघा. लिंग गेलं. मराठीत ‘तुम्ही’ म्हटलं की क्रियापदातलं लिंग आपोआप पुसलं जातं. तुम्ही आलात, तुम्ही बसलात, तुम्ही जेवलात. ते चिकटलेलं असतं ‘तू’ला, आलास की आलीस. आपण इतका वेळ एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत आहोत, म्हणून तुम्ही बाई की पुरुष हा प्रश्न मला एकदाही सोडवावा लागला नाही. ज्यांना अख्खं गाव, अख्खं स्टेशन ‘तू’ म्हणतं, त्यांचं लिंग दर वाक्याला तपासलं जातं. तुमचा न्यायाधीश आणि माझा कारकून इथं एकाच खुर्चीत बसलेले आहेत. मान नाकारण्यासाठी आणि लिंग ठरवण्यासाठी भाषा एकच शब्द वापरते.

साशंक : हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सभ्यपणाच्या एका सवयीनं निम्मा त्रास टळेल, हे कबूल. पण निम्माच. ती व्यक्ती पाठमोरी झाली की खिडकीतला माणूस शेजारच्याला काय म्हणणार? तिथं ‘तुम्ही’ उपयोगाचं नाही. तो गेला, ती गेली, नाहीतर ‘ते गेलं’. लेकरू, वासरू, पाखरू यांच्यासाठी मायेनं वापरायचं नपुंसकलिंग मोठ्या माणसासाठी वापरलं की शिवी होते. मराठीजवळ तिसरं लिंग तयार आहे, असं काही उत्साही मंडळी म्हणतात. त्यांनी ते एकदा चौकात ऐकावं.

आणि माझी भीती याच्याही पुढची आहे. नाव ठेवलं की नोंदवही येते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक अख्खा भाग हिजड्यांसाठी होता. उत्तर हिंदुस्थानात त्यांच्या नोंदी ठेवायच्या, आणि नोंद झालेल्यानं बाईचे कपडे घालून रस्त्यावर यायचं नाही, नाचगाणं करायचं नाही. आधी शब्द आला, मग रकाना, मग पोलीस. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ हा रकाना आला आणि ४,८७,८०३ माणसं त्यात पडली. त्यांतली ५४,८५४ तर सहा वर्षांपर्यंतची मुलं होती. दोन वर्षांच्या मुलानं प्रगणकाला आपली ओळख सांगितली नसणार. कुणीतरी त्याच्या वतीनं बोललं. तुमच्या ‘बोलता बोलता ओळख घडते’चा हा सरकारी अवतार आहे.

आग्रही : नोंदवहीची भीती खरी, पण नोंद नसण्याचा अनुभवही खरा आहे. पोलीस भरतीच्या अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच पर्याय होते. तिसऱ्यासाठी महाराष्ट्रात न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि २०२२ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला खडसावलं, तेव्हा तो रकाना आला. धावायला, उडी मारायला, परीक्षा द्यायला तयार असलेल्या उमेदवाराचा अर्ज संगणक पुढे सरकू देत नव्हता. तिथं शब्द म्हणजे दार होतं. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं ‘नाल्सा’ खटल्यात म्हटलं की आपलं लिंग कोणतं हे ज्यानं त्यानं ठरवायचं. १८७१ मध्ये नाव सरकारनं ठेवलं होतं, इथं नाव घेण्याचा हक्क माणसाकडे आला.

साशंक : आणि पाचच वर्षांनी, २०१९ च्या कायद्यानं, जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून प्रमाणपत्र आणायला सांगितलं. मी कोण ते मी ठरवायचं, पण शिक्का कलेक्टर कचेरीचा. त्या कायद्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवानी यांच्याबरोबर जोगताही आला, हे वाचून सुरुवातीला आनंद झाला होता. मग वाटलं, देवीचा जोगता आणि घराण्यातला हिजडा यांच्यात रीत वेगळी, गुरू वेगळा, बोलणं वेगळं. कायद्यानं सगळे एका पोत्यात भरले आणि वर ‘ट्रान्सजेंडर’ हा एक इंग्रजी शब्द शिवला. मद्रास उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून तमिळनाडू सरकारनं २०२२ मध्ये कोणते शब्द वापरायचे याची सूचीच काढली. हेतू चांगला आहे, वादच नाही. पण माणसाला काय म्हणायचं हे राजपत्रानं सांगावं लागतं, यातच मला काहीतरी हरल्यासारखं वाटतं.

आग्रही : राजपत्र सोडा. लक्ष्मीनारायण त्रिपाठींनी आपलं आत्मकथन मराठीत आणलं तेव्हा मथळ्यातच ‘हिजडा’ शब्द ठेवला, रस्त्यावर फेकून मारला जातो तोच. दिशा पिंकी शेख मराठीत कविता लिहितात, त्यांच्या संग्रहाचं नाव ‘कुरूप’. ही नावं त्यांना कुठल्या कचेरीनं सुचवली नाहीत. घराण्यांची स्वतःची एक सांकेतिक बोलीही आहे, बाहेरच्याला कळू नये म्हणून राखलेली. पोलीस समोर उभा असताना त्याच्यादेखत एकमेकींना सावध करायला ती उपयोगी पडते. समाजानं सगळं काढून घेतल्यावरही ज्यांनी एक भाषा घडवली, त्यांच्याबद्दल ‘शब्द वरून लादले जातात’ असं सरसकट कसं म्हणायचं? आणि मराठी मुळातच इतकी कोती नाही. पुरुष संतांनी गौळणीत आणि विरहिणीत बाईच्या तोंडून देवाला हाक मारली. वारीत दाढीवाल्या शेतकऱ्यालाही ‘माउली, जरा सरका’ म्हणतात आणि तो सरकतो. त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

साशंक : आषाढात वाटत नाही. श्रावणात त्याच माउलीच्या घरातला मुलगा ‘मी आले’ म्हणाला तर? देवापुढे बाई होणं आपल्याला चालतं, कारण तो भाव आहे आणि एकादशी झाली की माणूस घरी परततो. शेजारच्या खोलीत राहणाऱ्यानं कायमचं बाई होणं चालत नाही. संतांचा दाखला मला नेहमी थोडा सोयीचा वाटतो. आणि मराठीचा तुम्हाला एवढा अभिमान आहे, तर हेही बघा. नांदेडचं किंवा जळगावचं पोर घर सोडून मुंबईत घराण्यात आलं की थोड्याच दिवसांत हिंदी बोलू लागतं. मंगतीला, म्हणजे मागायला जाताना, हिंदी, गुरूशी हिंदी, भांडण हिंदीत, माया हिंदीत. ‘मैं आई’ त्याला तिथं पहिल्यांदा मोकळेपणी म्हणता येतं. मराठी उरते ती फक्त फोनवर आईशी बोलायला, आणि त्या मराठीत तो अजून ‘आलो’च असतो. मराठीत बाई होण्याची सोय होती, तर यांना भाषा का सोडावी लागली?

आग्रही : त्या फोनबद्दलच बोलू. आई पूर्वी रोज विचारायची, ‘जेवलास का?’ एकदा पलीकडून उत्तर आलं, ‘जेवले.’ आई गप्प झाली. पुढचे काही दिवस फोनच नाही. मग पुन्हा फोन आला तेव्हा प्रश्न बदललेला होता, ‘जेवण झालं का?’ एका घरातली म्हणून मला ही गोष्ट कळली, पण अशी घरं आणखीही असणार. ‘जेवलीस’ म्हणायला आईची जीभ वळत नव्हती आणि ‘जेवलास’ म्हणायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तिला कुणी व्याकरण शिकवलं नव्हतं. मराठीनं वाट ठेवलेली होती, तिनं ती शोधली. अशा वाटा पुष्कळ आहेत. मी भाकरी खाल्ली, मी चहा घेतला, मला वाटलं, मला भूक लागली, मी उद्या येईन. यांत बोलणाऱ्याचं लिंग कुठेच नाही. ज्यांना ना ‘गेलो’ हवं ना ‘गेले’, त्यांच्यासाठी वेगळं मराठी बनवावं लागणार नाही. आहे त्यातून वाट काढता येते.

साशंक : ती आई प्रश्न टाळत होती, असं नाही वाटत तुम्हाला? ‘जेवण झालं का’ असं आपण पाहुण्यालाही विचारतो. पोरीला ‘जेवलीस’ ऐकायचं होतं, तिला मिळाला सभ्यपणा. आणि तुमच्या वाटा मोजा. खाल्लं, घेतलं, केलं, वस्तूंशी केलेल्या या कामांना लिंग नाही. पण मी आलो, बसलो, रडलो, घाबरलो, वाचलो, यांतून सुटका नाही. मी लहानाचा मोठा झालो, की लहानाची मोठी झाले? चहा घेतल्याचं सांगता येईल, वाढल्याचं नाही सांगता येणार. स्वतःचं आयुष्य सांगायला बसलं की पहिल्याच वाक्यात मराठी कोपऱ्यात गाठते.

आग्रही : तिथं माझ्याकडेही उत्तर नाही. शर्ट-चड्डीत शाळेत गेलेल्या त्या पोराबद्दल आज ती काय म्हणणार, ‘मी शाळेत होतो’ की ‘होते’? ‘होतो’ म्हटलं तर आज मिळवलेलं हातातून जातं. ‘होते’ म्हटलं तर त्या पोरानं मुलांच्या बाकावर बसून जे सोसलं ते पुसलं जातं. बनारसच्या त्या बोलण्यात मागचं आयुष्य पुल्लिंगात येतं, यात मला आता कौशल्यापेक्षा प्रामाणिकपणा जास्त दिसतो.

साशंक : मग दोन्ही म्हणू द्या. होतोही आणि होतेही. माझ्या कानांना त्याचा त्रास नाही.

आग्रही : तुमच्या कानांना नाही, पण तिच्या घरी चोरी झाली आणि ती ठाण्यात गेली, तर? फिर्याद ती सांगते आणि लिहितो हवालदार, पण लिहितो ‘मी’ म्हणूनच. ‘समक्ष हजर राहून फिर्याद लिहून देतो की’ किंवा ‘देते की’. तिच्या वतीनं, प्रथमपुरुषात, प्रत्यय मात्र त्याच्या मर्जीचा. तो आधार कार्ड बघून ‘देतो’ लिहितो आणि खाली सही करायला सांगतो. तिनं तोंडी मधूनच ‘होतो’ आणि मधूनच ‘होते’ म्हटलेलं असलं, तर उद्या आरोपीचा वकील विचारणार, साक्षीदाराला स्वतःबद्दलच नक्की सांगता येत नाही, चोराबद्दल काय सांगणार? ज्या मोकळीकीची तुम्ही भलामण करता, ती कोर्टात तिच्यावर उलटते.

साशंक : म्हणजे तिनं एकच रूप धरून बसावं, हे तुम्हीच सांगत आहात. ज्यांना प्रत्येक प्रत्यय निवडून घ्यावा लागला, असं ज्यांच्याबद्दल म्हणालात त्यांना.

आग्रही : हो, आणि ते मला आवडत नाही. कागदावर ‘देते’ लिहून घेण्यासाठी तिनं भांडावं असं मला वाटतं. तुमच्या मते तिनं काय करावं? ‘देतो’वर सही करावी?

साशंक : दागिने परत हवे असतील तर करावी. पण ती करावी लागली हे पंचनाम्यात कुठेच येणार नाही, आणि त्याचं काय करायचं ते मला सांगता येत नाही.